रिकामे जाते फिरवू नये

सासवडच्या आत्याने जाते दिले, ते एका अटीवर. "नाटकात ठेवा, फोटो काढा, काय वाटेल ते करा, पण रिकामं फिरवायचं नाही," ती म्हणाली. मी हो म्हटले. पन्नाशी उलटली तरी भाची आत्यापुढे दुसरे काय म्हणणार? रिकामे जाते फिरवू नये हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि ते अशुभ असते एवढेच मला ठाऊक होते. दगडावर दगड घासला की दोन्ही झिजतात आणि पुढच्या दळणात कच येते, हे साधे कारण तिने मला त्या दिवशी जात्यावरची धूळ पुसता पुसता सांगितले. वीसेक वर्षे पडवीच्या कोपऱ्यात पडून असलेल्या त्या जात्याला टाकी लावून घ्यावी लागली, म्हणजे दगडांवर छिन्नीने नव्या खाचा पाडून घ्याव्या लागल्या, खुंटा नवा बसवावा लागला, आणि मग गावातल्या दोन पोरांनी एकेक दगड सुटा करून मोटारीच्या डिकीत चढवला. पुण्यात पोचेपर्यंत गाडी मागच्या बाजूला बसल्यासारखी चालत होती.

हे जाते आम्हांला राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकासाठी हवे होते.

आमची संस्था म्हणजे अकरा माणसे. विम्याच्या कार्यालयातले काम आटोपून मी संध्याकाळी साडेसातला तालमीला पोचते, आणि गेली चौदा वर्षे माझ्याकडे प्रॉम्प्टिंग, म्हणजे अडलेल्या नटाला शब्द देणे, आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातले सामान, ही दोन खाती आहेत. पहिले खाते कुणाला दिसत नाही आणि दुसरे काहीतरी हरवले तरच दिसते. संस्थेला कार्यालय नाही, सामान दिग्दर्शकाच्या गॅरेजमध्ये असते. तालीम एका शाळेच्या वर्गात, बाके भिंतीला सरकवून होते. प्रयोग सत्तर खुर्च्यांच्या एका सभागृहात होतात, जिथे रंगमंचाला वेगळी उंची नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाने पाय लांब केले तर ते सरळ नाटकात येतात.

इतक्या लहान जागेत गडकऱ्यांचे पाच अंकी नाटक करायचे कशाला, असे आम्हांला अनेकांनी विचारले. दिग्दर्शक त्यांना मोठी मोठी उत्तरे देत असे, पण खरे सांगायचे तर पहिले कारण पैशाचे होते. नव्या नाटकाच्या लेखकाला मानधन द्यावे लागते आणि ते द्यायलाच हवे. परभाषेतले नाटक करायचे तर परवानगीच्या पत्रव्यवहारात महिने जातात. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, अवघे तेहतीस वर्षांचे असताना. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे हक्क संपतात, त्या हिशेबाने हे नाटक कधीचेच सर्वांचे झाले आहे. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवले की झाले. तेव्हा निवड आधी झाली आणि तिच्यामागचा विचार नंतर आला. असे होते हे नाटकवाले सहसा कबूल करत नाहीत.

तरुण मंडळींना गडकरी माहीत होते ते ठाण्याच्या गडकरी रंगायतनामुळे आणि पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये रातोरात उखडून मुठा नदीत टाकला गेला त्या बातमीमुळे. नाटक कुणी वाचलेले नव्हते. 'एकच प्याला' हे शब्द मात्र प्रत्येकाला एखाद्या म्हणीसारखे पाठ होते, आणि त्याहून पाठ होता तळीराम.

गडकऱ्यांनीही हे नाटक रंगभूमीवर पाहिले नाही. ते गेल्यावर सुमारे महिनाभराने, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला; दारूत बुडणारा वकील सुधाकर गणपतराव बोडसांचा आणि त्याची बायको सिंधू बालगंधर्वांची. पदे गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली, आणि चालींसाठी गायिका सुंदराबाईंच्या ठेवणीतल्या ठुमरी-गझलांचा मोठा आधार घेतला गेला. एरवी भरजरी शालूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या बालगंधर्वांनी सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसले, ही आठवण तेव्हापासून सांगितली जाते. अत्तर आणि गालिच्यांसाठी गाजलेल्या कंपनीने दारिद्र्याचे नाटक उभे केले, आणि 'कशि या त्यजू पदाला' ऐकायला लोक पुन्हा पुन्हा आले. सिंधूचे हाल ऐकायला इतके गोड लागत असतील तर त्या हालांचे प्रेक्षकांनी काय केले असेल, हा प्रश्न मला तालमीच्या दिवसांत बराच छळत होता. माझे आजोबा ती पदे गुणगुणत दाढी करायचे.

आमच्याकडे गाणारे कुणी नव्हते. ऑर्गन आणि तबला तर सोडाच. त्यामुळे आमचा 'एकच प्याला' गद्य झाला. तीन पदांच्या पहिल्या ओळी तेवढ्या ठेवल्या, त्याही काम करता करता बाई जशी गुणगुणते तशा. पाच अंकांतून सव्वादोन तासांचे नाटक काढायचे तर पेन्सिल निर्दयपणे चालवावी लागते. भगीरथ आणि शरद या पात्रांचे बरेचसे बोलणे गेले. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते तो प्रवेश गेला, तेव्हा आमचा तळीराम दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. गडकऱ्यांना कोटी सुचली की टाकवत नसे, हे तर उघडच आहे. पण ती कापायला घेतली की लक्षात येते की पुष्कळदा त्या कोटीच्या खिळ्यावरच पुढचा सगळा परिच्छेद टांगलेला असतो. ती काढली की भिंतीवर भोक राहते. अशी चार-पाच भोके आमच्या संहितेत शेवटपर्यंत राहिली आणि प्रत्येक प्रयोगाला मला ती दिसत होती.

खरी अडचण वाक्यांची होती. ही वाक्ये ध्वनिवर्धक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी घडवलेली आहेत: एका उपमेवर दुसरी, दुसरीवर तिसरी, शब्दांची पुनरावृत्ती, अनुप्रास, आणि या सगळ्यांच्या टोकाला क्रियापद. छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून जी छोट्या जागेतली रंगभूमी वाढली, तिने नटांना हळू बोलायला शिकवले. पण तिथे गाजलेली बहुतेक नाटके हळू बोलण्यासाठीच लिहिलेली होती. गडकऱ्यांचे वाक्य हळू म्हटले की पुस्तक वाचल्यासारखे वाटते आणि मोठ्याने म्हटले की चार फुटांवरचा प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो. आमचा दिग्दर्शक "ओरडू नका, समोर माणूस बसलाय," म्हणत असे, आणि लगेच पुढच्या वाक्याला "अहो, मेलात का?" म्हणत असे. तीन आठवडे आम्ही याच घोळात होतो.

सिंधूचे काम करणारी मुलगी लातूरची, सव्वीस वर्षांची, दिवसभर हिंजवडीत संगणकासमोर बसणारी. तिचे पाठांतर चोख होते, पण श्वास भलत्याच ठिकाणी तुटत असे. प्रॉम्प्टरला ही गोष्ट दिग्दर्शकाच्या आधी कळते, कारण नट जिथे थांबतो तिथे पुढचा शब्द द्यावा की थांबावे, हे त्याच्या श्वासावरून ठरवावे लागते. ती स्वल्पविराम नसलेल्या जागी थांबायची, मी शब्द द्यायची, ती माझ्याकडे रागाने बघायची. "ताई, मला येतंय हो!"

मग जाते आले. चौथ्या अंकापर्यंत सुधाकराचा संसार धुळीला मिळालेला असतो आणि सिंधू लोकांची दळणे दळून घर चालवत असते. आमच्या सिंधूने जाते फक्त चित्रात पाहिले होते. पहिल्या दिवशी ती नुसत्या कोपरापासून हात फिरवत होती आणि दहा मिनिटांत तिच्या तळहाताला फोड आला. आत्याने दाखवले होते तसे मी तिला दाखवले: एक पाय लांब सोडायचा, दुसरा मुडपायचा, कमरेतून पुढे जायचे आणि कमरेतूनच मागे यायचे, हात खुंट्याला नुसता लावलेला असतो, फिरवते ती कंबर. डाव्या हाताने मधूनमधून जात्याच्या तोंडात दाणे टाकायचे. त्या दाण्यांना वैरण म्हणतात, हे ऐकून ती हसली. "म्हणजे जात्याला पण भूक लागते?" म्हणाली. पुढे 'घास घे रे तान्ह्या बाळा'ची ओळ गुणगुणताना ती बाळाच्या पाळण्याकडे न बघता जात्याच्या तोंडाकडे बघू लागली. ते कुणी सांगितलेले नव्हते.

आठवडाभर ती तालमीच्या आधी अर्धा तास ज्वारी दळत असे. एके दिवशी दळता दळताच तिने संवाद म्हणायला सुरुवात केली आणि वर्गातले सगळे गप्प झाले. जात्याचा प्रत्येक फेरा श्वासाला एक जागा देतो. पुढे जाताना शब्द बाहेर पडतात, मागे येताना श्वास आत येतो, आणि गडकऱ्यांची ती लांबलचक वाक्ये आपोआप फेऱ्याफेऱ्याने तुटत होती. जी पुनरावृत्ती आम्हांला शोभेची वाटली होती ती पुढच्या फेऱ्यावर बरोबर येऊन बसत होती. दगडाची घरघर चालू असल्यामुळे आवाज चढवावा लागत होता, पण ते ओरडणे नव्हते. कामात असलेली बाई शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलते तो तो आवाज होता. ओवी जात्यावर जन्मली हे वाक्य आम्ही शाळेत पाठ केलेले असते. गडकऱ्यांच्या मनात असे काही असेल असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे बालगंधर्वांचा गळा होता. पण त्या दिवसापासून मी माझ्या प्रतीत विरामचिन्हांच्या जागी पेन्सिलीने छोटी वर्तुळे काढू लागले, आणि तिला शब्द द्यायची वेळ पुन्हा आली नाही.

आता तळीरामाविषयी. हा सुधाकराचा कारकून. कोर्टातला अपमान आणि सनदेवर आलेली गदा यांनी खचलेल्या मालकाच्या हाती पहिला प्याला देणारा, आर्य मदिरा मंडळाचा आधारस्तंभ, आणि मराठी भाषेत कायमचा राहायला आलेला. दर ३१ डिसेंबरला वर्तमानपत्रांत 'तळीरामांवर पोलिसांची नजर' असते आणि १ जानेवारीला 'तळीरामांची झिंग उतरली' असते. गडकऱ्यांनी दारूचे भयंकर परिणाम दाखवायला नाटक लिहिले आणि भाषेने त्यातून उचलला तो दारुड्याला लाडाने हाक मारायचा शब्द. सिंधूचे सामान्यनाम झाले नाही. नवऱ्याच्या व्यसनापायी दळणे दळणाऱ्या, आता धुणीभांडी करणाऱ्या बाईला हाक मारायला आपल्याकडे असा एकही शब्द नाही, आणि ती दर दुसऱ्या घरात कामाला येत असते.

तळीरामाचे काम आमच्याकडे ज्याने केले तो जन्मजात विनोदी नट आहे. नुसता कोट काढून खुंटीला अडकवतो तेव्हा लोक हसतात. मदिरा मंडळाच्या सभेला आम्ही सभासद प्रेक्षकांच्या खुर्च्यांतच बसवले होते, आणि तळीराम त्यांना प्याले वाटता वाटता एखादा खऱ्या प्रेक्षकाच्याही हातात देत असे. प्याल्यात आधी कोरा चहा होता. मोठ्या नाट्यगृहात तो चालतो. इथे पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी तो हुंगून "चहा आहे," असे बायकोला सर्वांना ऐकू जाईल इतक्या हळू सांगितले. पुढच्या प्रयोगापासून गुळाचे पाणी केले. त्याला मुंग्या लागल्या, पण वास गेला.

दिग्दर्शकाने प्रवेशांचा क्रम हलवून या सभेच्या लगेच पाठीमागे सिंधूचे दळण आणले होते, आणि मधला ब्लॅकआउट काढून टाकला होता. सभेवरचा प्रकाश उतरत असतानाच कोपऱ्यात जाते सुरू होई. हसण्याच्या लाटेखाली आधी ते कळतच नसे. पहिल्या प्रयोगाला मी मोजले: पाच फेरे होईपर्यंत लोक हसत होते, सहाव्याला विरळ झाले, आठव्याला फक्त दगडाचा आवाज उरला. आमची विंग म्हणजे एक काळा पडदा. सभागृह इतके लहान की नटांवरचा उजेड प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरही सांडतो. अर्धा स्वेटर घातलेले साठीचे एक गृहस्थ हसून हसून डोळ्यांत आलेले पाणी रुमालाने पुसत होते. जात्याकडे त्यांची नजर गेली तेव्हा रुमाल डोळ्यांपाशीच राहिला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला, मग घडी केली, मग पुन्हा उलगडून दुसरी घडी केली. सिंधूचा पूर्ण प्रवेश संपेपर्यंत त्यांचे हे चालू होते.

प्रयोगानंतर तळीराम माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "ताई, माझा हशा मधेच कापला जातोय. जातं जरा उशिरा सुरू करायला सांगा ना तिला." दुसऱ्या प्रयोगाला त्याने शेवटचे वाक्य असे काही फेकले की हशा दहा फेऱ्यांपर्यंत टिकला. तिसऱ्याला सिंधूने जाते दोन वाक्ये आधीच सुरू केले. या दोघांचे हे युद्ध दिग्दर्शकाच्या लक्षात आले होते आणि तो मुद्दाम काही बोलत नव्हता. मला ते त्या वेळी चुकीचे वाटले, अजूनही थोडे वाटते. पण त्या प्रवेशाला जी धार आली ती त्या भांडणातून आली, हेही खरे आहे.

शेवटाबद्दल मात्र आमचे खूप वाद झाले. सुधाकराच्या काठीने सिंधू घायाळ होते, मूल जाते, आणि मरता मरता ती फौजदाराला खोटी जबानी देऊन नवऱ्याला वाचवते. आमच्या सिंधूने पहिल्याच वाचनात विचारले होते, "हे मी का म्हणू?" कुणी सुचवले की तिने गप्प राहावे, कुणी म्हणाले की जबानी द्यावी पण प्रेक्षकांकडे बघून. दिग्दर्शकाचा नियम एकच होता: कापता येईल, घालता येणार नाही. गडकऱ्यांच्या तोंडी आपले शब्द नकोत. जबानी कापली असती तर नाटकच उरले नसते, म्हणून ती राहिली. शेवटी तिने ती जात्यावरच्या त्याच आवाजात दिली, मधे काही कढ न आणता, हातातले काम उरकून टाकणाऱ्या बाईसारखी. काहींना तो शेवट कोरडा वाटला. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. मला तरी त्या कोरडेपणात पतिव्रतेपेक्षा थकलेली बाई जास्त दिसली.

रंगीत तालमीच्या आदल्या रात्री दिग्दर्शकाला एक कल्पना सुचली. सगळे संपल्यावर सुधाकराने जात्यापाशी जाऊन बसावे आणि ते रिकामेच फिरवावे. दगडावर दगडाचा आवाज, हळूहळू अंधार. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मी म्हटले, चालणार नाही. का, तर आत्याला शब्द दिला आहे. "अहो ताई, हे नाटक आहे," तो म्हणाला. मी म्हटले, जाते नाटकातले नाही, आत्याचे आहे. बरेच बोलणे झाले. दाणे घालून फिरवावे अशी तडजोड कुणीतरी काढली, पण सुधाकराने दळण दळले असते तर ते वेगळेच नाटक झाले असते, आणि हे त्यालाही कळत होते. अखेर सुधाकर जात्याला हात न लावता नुसता शेजारी बसला. दिग्दर्शक दोन दिवस माझ्यावर रुसून होता.

सहा प्रयोग झाले. चौथ्या प्रयोगानंतर, लोक पांगत असताना, सुती लुगड्यातल्या एक सत्तरीच्या बाई नातवाचा हात सोडून जात्यापाशी आल्या आणि खाली बसल्या. मला वाटले, पाया पडतील. त्यांनी जात्याभोवतीचे चिमूटभर पीठ उचलून अंगठा आणि बोटात चोळले. मी विचारले, "नाटक कसं वाटलं?" "बरं होतं," त्या म्हणाल्या. "पण ह्या पिठाची भाकरी थापायची नाही. भरडा पडलाय. पोरगी मूठमूठ वैरण घालतीय, चिमटीनं घालायची." सिंधूने मेकअप पुसता पुसता हे ऐकले आणि पाचव्या प्रयोगाला ती चिमटीने दाणे घालू लागली. पीठ मऊ पडले, फेरे वाढले, तो प्रवेश अडीच मिनिटांनी लांबला आणि प्रकाशयोजनेवाल्याचे सगळे गणित चुकले.

जाते परत न्यायला मी स्वतः गेले. सासवड हे आचार्य अत्र्यांच्या मुलखातले गाव, आणि अत्रे स्वतःला गडकऱ्यांचे शिष्य म्हणवीत. वाटेत हे आत्याला सांगायचे असे मी ठरवले होते, पण तिने ती संधीच दिली नाही. पोरांकडून वरचा दगड उचलून घेऊन तिने टाकीच्या खाचांतून बोट फिरवले, बोटाला लागलेले पीठ नाकाशी धरले. "ज्वारी," ती म्हणाली. "जुनी होती." मग आत जाऊन सुपात मूठभर दाणे घेऊन आली, भिंतीला टेकून पाय लांब केला आणि दोन फेरे फिरवून बघितले.